नासलेले दूध कुणाचे

आण्णांनी बैठक घरात न घेता खव्याच्या भट्टीत ठेवली, तेव्हाच निकाल लागला होता, हे अर्पिताने सतरंजी झटकता झटकता ओळखले. घरात बसवले असते तर निदान वाद तरी झाला असता. घरात चहा असतो, पंखा असतो, नको तो विषय निघाला की उठून जायला आतली खोली असते. भट्टीत यातले काही नाही. तिथे काजळीने काळ्या पडलेल्या भिंती आहेत, टाळेबंदीच्या आदल्या वर्षी विझलेल्या चुली आहेत आणि कोपऱ्यात पालथी घातलेली ती अजस्र कढई आहे, जिच्यासमोर या घरातला पुरुष आजवर कधी 'नाही' म्हणू शकलेला नाही. तिचे सासरे, बब्रुवान आण्णा, चार इयत्तांच्या पुढे गेले नव्हते. पण सभा कुठे भरवली म्हणजे ठराव कोणता होतो, याचे ज्ञान त्यांना मुरलेल्या पुढाऱ्याइतके होते.

ठराव सर्वांना आधीच ठाऊक होता. ईट गावात रस्त्याला लागून असलेली ही भट्टीची जागा विकायची. बार्शीचा एक हॉटेलवाला दिवस मावळायच्या आत इसार घेऊन येणार होता. त्या पैशातून, शंभूच्या सांगण्यावरून ज्यांनी म्युच्युअल फंडांत पैसे घातले आणि या हिवाळ्यात बाजार उतरल्याने ज्यांचे पैसे आटले, त्या नात्यागोत्यातल्या आणि गावातल्या माणसांचे नुकसान भरून द्यायचे. घराचे नाव राखायचे. आणि शंभूने मान डोलवायची.

मान डोलवण्यात शंभू पहिल्यापासून वाकबगार होता. त्याने आजचा दिवस ती डोलवू नये, एवढेच अर्पिताला हवे होते. लग्नाला बारा वर्षे झाल्यावर नवऱ्याकडून बायकोच्या अपेक्षा इतक्या माफक होतात, याचे तिला आता हसूही येत नव्हते.

भट्टी विझवण्याचा निर्णय मात्र शंभूचाच होता आणि तो चुकीचा नव्हता. गवळ्यांचे दूध शीतकेंद्राच्या टाक्यांकडे वळले होते, लाकूड महागले होते, आणि धुराने आण्णांच्या छातीत कायमचे बिऱ्हाड केले होते. एका हाताने उलथने फिरवीत आणि दुसऱ्या हातात फोन धरून शंभूने अभ्यास केला, सोलापूरला जाऊन परीक्षा दिली, आणि भूमच्या एसटी स्टँडासमोर एका गाळ्यावर 'म्युच्युअल फंड वितरक' अशी पाटी लावली. पाटी लागली त्या दिवशी त्याच्या सदऱ्याला खव्याचा वास येत होता. अर्पिता तिथल्याच महाविद्यालयात इतिहास शिकवते, तासिका तत्त्वावर; म्हणजे राज्याला तिच्या विद्वत्तेची जेवढे तास गरज भासते तेवढे तास ती विदुषी असते. तेव्हा नवऱ्याच्या नव्या पेशाला नाके मुरडण्याइतकी प्रतिष्ठा तिच्याकडे नव्हती. उलट तिला त्याचा अभिमान वाटला होता. दुसऱ्याच्या पैशावर जगणारी माणसे या जिल्ह्याने पुष्कळ पाहिली होती आणि त्यांतली बरीचशी निवडूनही दिली होती. दुसऱ्याचा पैसा वाढावा म्हणून जागणारा माणूस तिने प्रथमच पाहिला.

मग टाळेबंदी आली आणि बाजार कोसळला. माणसे तोंडाला रुमाल बांधून ईटच्या घरी आली. शंभूने त्यांना थांबा म्हटले, ती थांबेनात; तेव्हा त्याने तेच केले जे दौलतबांच्या नातवाने करायला हवे होते.

दौलतबांची कथा या घरात लग्नाकार्यात, बारशात, मयतीच्या घरीसुद्धा सांगितली जाते. आण्णांचे वडील दौलतबा यांनी ही भट्टी मांडली. एका वैशाखात सबंध गावचे दूध कढईत नासले. गवळी डोक्याला हात लावून बसले. तर दौलतबांनी बैलजोडी विकली आणि एकूण एक गवळ्याला ठरल्या भावाने पैसे चुकते केले. दूध कढईत पडले की गवळ्याची काळजी संपली. पुढे नासले तर भट्टीचे. या एका वाक्यावर तीन पिढ्यांनी मान मिळवला होता. शंभूने बैलजोडीच्या जागी दुधाचा टेम्पो आणि खवा ठेवायचा फ्रीझर विकला आणि सर्वांचे नुकसान भरून दिले. वर्षभरात बाजार वर आला. तीच माणसे तेच पैसे घेऊन परत आली, पैसे वाढले, आणि वाढलेले पैसे ती आनंदाने घरी घेऊन गेली. भरपाई परत करावी असे त्यांतल्या एकालाही सुचले नाही. उलट पंचक्रोशीत बोलले जाऊ लागले की शंभूकडे घातलेले नासत नाही. यापेक्षा चांगली जाहिरात कुठल्या फंडाला मिळाली नसेल, आणि यापेक्षा मजबूत फास कुठल्या माणसाला.

आता बाजार पुन्हा उतरला होता आणि माणसे पुन्हा आली होती.

जेवणे उरकून सगळे भट्टीत येऊन बसले. येसराची आमटी आणि भाकरी पोटात होती, बाहेर फाल्गुनाचे ऊन होते, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर हे एकदाचे आटोपावे असा थकवा होता. आण्णांची थोरली बहीण धुरपताबाई भूमहून सकाळच्या गाडीने आल्या होत्या; शंभूकडे त्यांचेही पैसे होते. त्या चुलीच्या कट्ट्याला टेकून बसल्या, कारण लहानपणी त्या तिथेच बसत असत आणि आपला हक्क त्या कुठेच विसरत नसत. मुरूमहून नणंद प्रतीक्षा आणि तिचे यजमान विश्वंभरराव आले होते. विश्वंभररावांची मुरूमच्या बाजारात आडत होती, आणि भट्टीतली एकुलती एक खुर्ची जावई म्हणून त्यांच्याकडे गेली होती. दारापाशी उंबऱ्यावर मुनवरचाचा. आयुष्यभर त्यांनी या भट्टीला दूध घातले, आधी सायकलवरून, मग मोटारसायकलवरून. आतमध्ये सतरंजी रिकामी असूनही ते उंबऱ्यावरच बसत, आणि त्यांना आत या म्हणण्याची सवय घराला कधी लागली नव्हती. सासूबाई, कस्तुराबाई, खांबाआड शेंगा फोडीत होत्या.

सुरुवात अर्थातच दौलतबांपासून झाली. धुरपताबाईंनी वैशाख, नासलेले दूध, बैलजोडी असे सगळे टप्पे घेतले. बैल दारातून निघाले तेव्हा आपण रडलो होतो, हे त्यांनी यंदा नव्याने घातले. इतिहासाच्या प्राध्यापिकेला ही भर ऐकून नवल वाटले नाही. दंतकथा अशीच पिढीगणिक एकेक अश्रू गोळा करीत वाढते. मग आत्या मुद्द्यावर आल्या.

"म्या काय परक्यावानी मागाया आले न्हाय, बब्रू. आपल्या घरची रीत हाय म्हनून आले."

विश्वंभररावांनी खुर्चीतून दुजोरा दिला. त्यांच्या बोलण्याचा सारांश असा की आडतीत काय नि भट्टीत काय, माणूस नावावर चालतो. नाव गेले की तराजू सोन्याचा असला तरी कोणी माल घालीत नाही. त्यांचे स्वतःचे पैसेही शंभूकडे होते, ही गोष्ट त्यांनी इतकी ओझरती सांगितली की ती सगळ्यांच्या लक्षात राहावी.

आण्णा बराच वेळ श्वास गोळा करीत होते. शेवटी म्हणाले, "जागा इकायची. सांच्याला मानूस येतोय. ज्याचं जेवढं गेलं तेवढं देऊन टाकायचं." आणि मग, जावयाकडे न पाहता, "प्रतीक्षाची सही लागंल. दौलतबाकडनं वाटनीत आलेली जागा हाय, पोरीचा बी वाटा हाय तीत."

खुर्ची करकरली.  जागा आण्णांच्या एकट्याच्या कमाईची आहे, अशी विश्वंभररावांची आजवर समजूत होती. त्यांनी डोळे किंचित मिटले. हिवाळ्यात आपले जे आटले ते एका पारड्यात आणि बायकोच्या वाट्याची रस्त्यालगतची जमीन दुसऱ्या पारड्यात, अशी तूर तोलावी तशी तोलणी त्यांनी जागच्या जागी केली. डोळे उघडले तेव्हा ते निराळेच गृहस्थ झाले होते.

"तसं बगाया गेलं तर, आण्णा," ते म्हणाले, "बाजार म्हंजी बाजार. आमच्याकडं बी तुरीचा भाव पडतो. म्हनून शेतकरी आडत्याच्या दारात येऊन भरून द्या म्हनतो का? ज्यानं त्यानं समजून पैकं घालावं."

"आत्ता तर नाव नाव करत हुतात, जावईबापू," धुरपताबाई म्हणाल्या. "नाव पायाखाली गेलं का खुर्चीच्या?"

मुनवरचाचा उंबऱ्यावर हसले आणि हसू खोकल्यात लपवले. विश्वंभरराव मग जोखीम, धीर आणि दूरदृष्टी या विषयांवर बोलत राहिले. ते सगळे बरोबर होते. पाच वर्षे शंभू जे गावोगाव घसा कोरडा करून सांगत होता तेच शब्द, तेच दाखले. आणि ते त्याला त्याच्याच घरात, सर्वांत स्वार्थी माणसाच्या तोंडून ऐकावे लागत होते. सत्य या घरात येते तेव्हा नेहमी कुणाच्या तरी खिशातून येते, असे अर्पिताला वाटले.

"सही करायची का न्हाई, ते मला इचारा की कुनीतरी," प्रतीक्षा म्हणाली.

नवरा तिच्याकडे पाहू लागला, बापही. ती दोघांकडेही न बघता भावाकडे वळली. तिने सांगितले की दादाला हवे असेल तर ती आत्ता अंगठासुद्धा द्यायला तयार आहे, वाटा बिटा काही नको. फक्त त्याने एकदा तोंडाने सांगावे. "दादा, तुला पायजे का? खरं सांग."

शंभू इतका वेळ काजळीच्या जमिनीवर नखाने एक रेघ ओढीत होता. रेघ ओढून झाली की पुसायची, पुन्हा ओढायची. त्याने वर पाहिले तेव्हा त्याचा चेहरा भट्टी चालू असतानाच्या दिवसांसारखा दिसला, रात्रभर कढई हलवून सकाळी दिसायचा तसा.

"लोकांनी मला बगून पैकं दिलं," तो म्हणाला. "फंड बगून न्हाई दिलं. फंड काय असतो हे त्यास्नी ठावं न्हवतं, अन् मी समजावून सांगितलं तरी ते माझ्या तोंडाकडंच बगत हुते. मंग नासलं तर ते माझंच न्हवं का?"

अर्पिता या वाक्याला भीत होती. विश्वंभररावांसारख्यांशी भांडता येते. पण चांगुलपणाने मूर्खपणा करायला निघालेल्या माणसाला कुठे धरायचे, हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेले नसते. तिने आधी सरळ मार्ग धरला. नफ्याची हमी देण्याला किंवा तोटा भरून देण्याला वितरकाला परवानगी नाही, परवानाच त्या अटीवर मिळतो, हे तिने सांगितले. जागा आज विकली तर पुढच्या पडझडीला विकायला काय आहे, हे विचारले. कोणी ऐकले नाही. आत्यांनी तर कायद्याचे नाव निघताच पदर सारखा केला. कायदा हा त्यांच्या मते परक्या माणसांनी परक्या माणसांशी बोलायचा विषय होता.

तेव्हा अर्पिता कढईकडे पाहत म्हणाली, "आण्णा, एक विचारू?"

"इचार की."

"हिवाळ्यात म्हशीचं दूध घट्ट येतं. तेवढ्याच दुधाला खव्याचा उतारा जास्त पडायचा. तो वरचा खवा कुणाचा असायचा?"

आण्णांना प्रश्नाचा रोख कळला नाही, म्हणून त्यांनी खरे उत्तर दिले. "भट्टीचा."

"गवळ्याला त्यातलं काही?"

"गवळ्याला ठरला त्यो भाव."

"आमी मागितलं बी न्हाय कदी," मुनवरचाचा उंबऱ्यावरून म्हणाले. "मागितलं आसतं तर आण्णांनी कॅन भिरकावलं आसतं रस्त्यावर."

"कॅन न्हाय भिरकावलं आसतं," आण्णा म्हणाले. "तुलाच भिरकावलं आसतं."

दोघेही थोडे हसले. त्या हसण्यात कितीतरी हिवाळे होते. अर्पिताने ते संपू दिले. बैलजोडीची कथा या घराने इतकी जपली होती. तिच्या उरलेल्या अर्ध्या भागाला मात्र, प्रत्येक पौषात, प्रत्येक माघात जो घट्ट खवा निमूटपणे घरात येत होता आणि ज्याच्यावर ही भट्टी, घर, शंभूचे शिक्षण, प्रतीक्षाचे लग्न उभे राहिले, त्याला एकही श्रोता मिळाला नव्हता. कारण त्यात रडण्यासारखे काही नव्हते. इतिहास असाच लिहिला जातो, हे ती मुलांना शिकवीत असे, आणि मुले ते परीक्षेपुरते मान्य करीत.

"आत्याबाई," ती म्हणाली, "टाळेबंदीनंतर तुमचे पैसे वाढले. त्यात वरचा मजला झाला. ते वाढलेले पैसे कुणाचे होते?"

"माझं. पैकं माझं, तर वाढलेलं कुनाचं आसनार?"

"आणि आता जे कमी झाले ते?"

धुरपताबाईंनी तिच्याकडे असे पाहिले की जणू तिने भर पंगतीत कुणाचे तरी पान उचलले. "तू कालेजात शिकीव, पोरी," त्या सावकाश म्हणाल्या. "मला नगं शिकवू. म्या तुज्या सासऱ्याला कडेवर घेऊन हिंडलेली बाई हाय."

 अर्पिता आण्णांकडे पाहत होती. आण्णांचे लक्ष बहिणीच्या बोलण्याकडे नव्हते. ते कढईच्या काळ्या पाठीकडे पाहत होते. कुणाचे किती दूध, किती खवा, हे आयुष्यभर बोटांवर धरलेल्या माणसाच्या डोक्यात एक जुने गणित नव्याने मांडले जात असावे.

"शंभू," ते म्हणाले. "टाळेबंदीच्या मागनं समद्यांचं वाढलं तवा तुला काय भेटलं?"

"दलाली. फंडाची कंपनी देती. थोडी असती, आण्णा."

"आन् वाढलेलं?"

"ज्याचं त्याला. ते माझं कसं आसंल?"

"समदं?"

"समदं."

आण्णांनी श्वास घेतला. त्यांच्या छातीतून येणारा आवाज त्या बंद भट्टीत सगळ्यांना ऐकू येत होता.

"म्हंजी उतारा तू वाटून टाकलास," ते म्हणाले, "आन् नासलेलं तेवढं घरात आनलंस."

शंभूने जमिनीवरची रेघ पुसली.

"मंग तू भट्टीवाला न्हाइस."

ते रागाने बोलले नव्हते. गोठ्यातल्या जनावराचे दात पाहून वय सांगावे तितक्या सरळपणे बोलले होते. पण अर्पिताने नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि तिला कळले की परीक्षेने, परवान्याने, भूमच्या गाळ्यावरच्या पाटीने पाच वर्षांत जे झाले नव्हते ते आत्ता या एका वाक्याने झाले. तो भट्टीतून आज बाहेर पडला. आजवर तो भट्टीवालाच होता, गाळ्यात बसलेला, दुसऱ्याचे पैसे दुधासारखे हातात घेणारा. आता त्याला घरातून काढल्यासारखे झाले होते, आणि काढणाऱ्याला आपण काय केले याची कल्पना नव्हती. तिने वाद जिंकला होता. जिंकल्याचा आनंद कुठे असतो ते तिने चाचपून पाहिले. हाताला काही लागले नाही.

आण्णांनी प्रतीक्षाला बार्शीच्या माणसाला फोन लावायला सांगितले. जागा विकायची नाही, उगाच डिझेल जाळू नको, असे सांग. विश्वंभररावांनी खुर्चीत पाय लांब केले. मग आण्णा काठी टेकून उठले आणि जाता जाता मुलापाशी थांबले.

"पन हे लोकास्नी तू सांगायचं. म्या न्हाय सांगनार. तुज्याकडं आलती ती."

ते गेले. शंभू उठला आणि आत्यांसमोर जाऊन उकिडवा बसला. सुरुवातीला तो जे बोलला ते नीट ऐकूच आले नाही. बाजार, काळ, धीर असे काही तुटक शब्द होते. धुरपताबाई ऐकत होत्या, पण वाट पाहत असल्यासारख्या. शेवटी तो थांबला आणि म्हणाला,

"आत्या, फायदा तुमचा हुता. तोटा बी तुमचाच हाय. मी भरनार न्हाई. मागं भरला हुता ती चूक हुती माझी."

या घरात हे वाक्य प्रथमच उच्चारले गेले. खांबाआड शेंगा फोडण्याचा आवाज थांबला.

"बरं," आत्या म्हणाल्या. "मंग काड माझं पैकं. आत्ताच्या आत्ता."

त्याने समजावले. आत्ता काढले तर जे कागदावर कमी दिसते ते खरोखरच कमी होईल; दोन-तीन वर्षे हात लावू नका, मागच्या वेळी आले तसे वर येतील. हे सांगताना त्याचा आवाज पहिल्यांदा सरळ झाला, कारण ही भाषा त्याला येत होती.

"शंभू," आत्या म्हणाल्या, "नासलेलं दूध ठिवून दिलं तर फिरून दूध हुतंय व्हय रं?"

दिवसभरातला हा सगळ्यांत सुरेख युक्तिवाद होता आणि तो पूर्णपणे चुकीचा होता.  शंभूकडे उत्तर होते. पण ते कढईच्या भाषेत नव्हते, आणि आत्यांना दुसरी भाषा येत नव्हती. त्याने खिशातून फोन काढला.

पैसे काढण्यासाठी आत्यांच्या फोनवर ओटीपी यायचा होता. त्यांचा बटनांचा फोन कमरेच्या पिशवीत होता. त्यांना आकडे वाचता येत नव्हते आणि चष्मा भूमलाच राहिला होता. शंभू आपल्या फोनवर व्यवहार उघडून बसला होता. विश्वंभरराव अचानक बाहेर गाडीची काच पुसायला निघून गेले होते. फोन वाजला तेव्हा धुरपताबाईंनी तो अर्पितापुढे धरला.

"वाच. तुला वाचाया येतंय न्हवं?"

अर्पिताने वाचले. एकेक आकडा, वर्गात सनावळी सांगावी तशा आवाजात. शंभू तो दाबत गेला. सहावा आकडा दाबून झाला तेव्हा आत्यांचे नुकसान खरे झाले, आणि त्याबरोबर आणखीही काही खरे झाले: भूमच्या गाडीत आत्या हे सांगणार होत्या, स्टँडावर सांगणार होत्या, नव्या मजल्याच्या गच्चीवर उभ्या राहून सबंध गल्लीला सांगणार होत्या. ज्यांनी शंभूचे तोंड बघून पैसे दिले होते त्यांना आता त्याच्या तोंडाबद्दल ऐकायला मिळणार होते. किती माणसे उरतील, गाळ्याचे भाडे निघेल की नाही, हे तिला सांगता येत नव्हते. हा भाव तिनेच ठरवला होता; तो चुकता करणे आता सुरू झाले होते.

आत्या निघाल्या. कस्तुराबाईंनी फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि शेंगांची चटणी त्यांच्या हातात दिली. आत्यांनी गाठोडे घेतले, दारापर्यंत नेले, मागे वळून ते पालथ्या कढईवर ठेवले आणि मुनवरचाचांना ओलांडून बाहेर पडल्या.

मुनवरचाचांच्या हातातही फोन होता. ते तो उलटसुलट करीत होते.

"तुमचं बी काढायचं का, चाचा?" शंभूने विचारले. त्याच्या आवाजात विनवणी नव्हती; विनवणी करण्याइतके त्राणच नव्हते.

 चाचांनी, जरा इकडेतिकडे पाहत, सांगितले की मागच्या वेळी शंभूने भरून दिले तेव्हाच त्यांचा तौसिफ म्हणाला होता, अब्बा, नुकसान सोसायचे नाही आणि नफा तेवढा घ्यायचा, तर ते ब्याजच झाले की, आपल्यात हराम. ते त्यांना तेव्हाच पटले होते. "पन घरावर पत्रं टाकायचं हुतं," ते म्हणाले. "पत्रं टाकलं, मंग पटलं."

शंभू कसनुसे हसला.

"आता घरी हसीनाबीला इचारून सांगतो," चाचा उठत म्हणाले. "इतकी सालं तुमाला दूध घातलं, कदी तिला इचारलं न्हाय. नासलं तर तुमचं हुतं, इचारायचं काय. आता नुकसान माझं हाय म्हनल्यावर तिला इचारावं लागंल." उंबऱ्याबाहेर पायात चपला सरकवताना ते थांबले. "ती काय म्हनंल ते मातर मला ठावं न्हाय."

ऊन कलले. विश्वंभररावांची गाडी मुरूमच्या रस्त्याला लागली. प्रतीक्षा काचेतून भावाकडे पाहत राहिली, हात मात्र तिने केला नाही. कस्तुराबाईंनी शेंगांची टरफले गोळा केली आणि कढईवरचे गाठोडे उचलता उचलता सुनेजवळ थांबल्या. बोललीस ते बरेच झाले, असे त्या म्हणाल्या. पण पुढच्या महिन्यात चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला भूमला आत्यांकडे जावे लागेल, आणि ते आता तुलाच जावे लागेल, माझी गुडघ्यांनी दैना केली आहे. हा निकाल देऊन त्या घराकडे गेल्या.

भट्टीत दोघेच उरली. अर्पिता सतरंजी गुंडाळू लागली. शंभू चुलीच्या कट्ट्यावर, आत्यांच्या जागी, बसला होता.

"उद्या बाकीच्यांकडं जायचं," तो म्हणाला. "पाथरूडला, वालवडला. आत्याच्या आधी मी पोचलो तर बरं."

"काय सांगशील?"

"हेच."

"सांगून दाखव."

त्याने तिच्याकडे पाहिले. ती चेष्टा करीत नव्हती. तिने सतरंजी खाली ठेवली आणि त्याच्यासमोर, गिऱ्हाईक बसते तशी, बसली. त्याने घसा साफ केला. फायदा तुमचा होता, इथवर तो नीट बोलला. पुढच्या वाक्यात, 'तुमचाच' या शब्दाशी, त्याचा आवाज खाली गेला, आणि मान आपोआप, जुन्या सवयीने, डोलू लागली.

"परत," अर्पिता म्हणाली.